गळीत हंगामाआधी गिअरबॉक्सची गळती पहा



ऊस विकास विभागाच्या माणसाने लागणीचे अंतर आणि बेणेप्रक्रिया सोडून गिअरबॉक्सवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ऊस नोंदीसाठी शिवारात फिरत असता उसाविषयी एक प्रश्न येतो, तर गाडीविषयी दोन. ऐन तोडणीत ट्रॅक्टर बसला की तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटते, उताराही खाली येतो. सबब हा विषय आमच्या खात्याबाहेरचा आहे असे मी मानत नाही.

पुसेगावच्या बाजूला जुनी वाहने अजून पुष्कळ आहेत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण परभणी जिल्ह्यात होतो, त्यामुळे एमएच-२२ची पाटी असलेल्या जीपा आणि ट्रॅक्टर आजही वाड्यापुढे उभे दिसतात. ही जीप मूळची अमेरिकेतल्या विलिस कंपनीच्या लष्करी गाडीच्या वंशातली. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक दशके थोडे थोडे बदल करीत ती चालू ठेवली. यंत्र साधे, उघडायला सोपे, गल्लीतल्या मिस्त्रीलाही समजणारे, म्हणून ती टिकली. पण वय झाले की गळती तिच्या पाचवीला पुजलेली.

एका सभासद काकांना मी जीपखालचा काळा डाग दाखवला. "साहेब, गाडी जुनी झाली, आता गळनारच की. ऑइल टाकतो अन् चालवतो," हे त्यांचे उत्तर. आता यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. वेळच्या वेळी ऑइल भरत राहिले तर गिअरबॉक्स मरत नाही. अडचण अशी की इंजिनाला ऑइलचा दिवा किंवा काटा असतो, गिअरबॉक्सला यातले काहीच नसते. प्लग उघडून बोट घातल्याशिवाय आत किती ऑइल आहे ते कळत नाही. बेअरिंग घरघरू लागते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

आणि गळालेले ऑइल सगळेच जमिनीवर पडत नाही, ही याहून मोठी गोष्ट. जुन्या जीपेत हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकात नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी बसवलेला असतो. तिथले ऑइल सील गेले की ऑइल सरळ हँडब्रेकच्या लायनिंगवर येते. लिव्हर ओढला तर घट्ट लागतो, पण गाडी उतारावर थांबत नाही. तसेच गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडातून गळणारे ऑइल क्लचप्लेटवर जाते आणि भरल्या ट्रॉलीनिशी चढावर क्लच घसरू लागतो. मागे उसाने भरलेली ट्रॉली, तिच्यामागे बैलगाडी, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणून पहावा.

तेव्हा दुरुस्ती करावीच. पण ती करण्याआधी गळती नेमकी कुठली ते ओळखावे, आणि आमच्या मंडळींचा पैसा याच ठिकाणी वाया जातो. आपल्या गटातल्या एका जीपचे ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावरून, म्हणजे बेल हाउसिंगच्या खालून टपकत होते. एका गॅरेजात इंजिनाचे मागचे सील बदलले. टपकणे तसेच. पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, पुन्हा तेच सील, पुन्हा मजुरी. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने टपकलेला थेंब दोन बोटांत चोळला आणि हुंगला. ते इंजिनाचे ऑइल नव्हतेच.

हा हुंगण्याचा प्रकार हसण्यावारी नेऊ नये. डिझेल इंजिनाचे ऑइल काळेकुट्ट असते आणि त्याला जळका वास येतो. गिअर ऑइल जाड, चिकट, बहुधा तपकिरी, आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प असतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेकचे तेल पातळ आणि फिकट असते, व ते रंग सोडवते. बोनेटखाली ब्रेकच्या तेलाची पातळी उतरलेली दिसली तर गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. ते काम वेगळे आणि जास्त तातडीचे.

ऑइल कोणते ते कळले, आता कुठून येते ते पहायचे. आपण पाटाने पाणी देतो तेव्हा जिथे पाणी साचलेले दिसते तिथेच दांड फुटलेला असतो असे नाही. फुटलेली जागा वरच्या अंगाला असते. गिअरबॉक्सचेही तसेच. वरच्या झाकणातून पाझरलेले ऑइल कडेने उतरून ड्रेन प्लगवर थेंब धरते आणि आपण बिचाऱ्या प्लगला आवळत बसतो. त्यातच गाडी धावताना वारा ऑइलला मागे ढकलतो. म्हणून आधी सगळा गिअरबॉक्स डिझेल आणि ब्रशने धुऊन, फडक्याने पुसून कोरडा करावा. वर्षानुवर्षांचा माती-ऑइलचा थर खरवडल्याशिवाय काही दिसणार नाही. मग शाळेतला खडू बारीक करून जोडांवर, सीलच्या भोवती आणि बोल्टांच्या डोक्यांवर भुरभुरावा. गाडी पाच-सात किलोमीटर चालवून आणावी, सपाट जागी उभी करावी, खाली मोठा पुठ्ठा पसरून त्यावर चाकांच्या खुणा कराव्यात आणि सकाळी बॅटरी घेऊन खाली जावे. सर्वांत वरचा ओला खडू जिथे असेल तिथे मूळ आहे.

एवढ्यावर लगेच पाना उचलू नये. दोन गोष्टी फुकटात तपासता येतात. पहिली ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सचे नाक. आतले ऑइल तापले की हवा फुगते, ती या लहानशा छिद्रातून बाहेर जाते. काळ्या रानातला चिखल वाळून हे छिद्र बुजले, की दाब सीलमधून वाट काढतो. असे सील चांगले असूनही गळते, आणि नवे घातले तरी गळते. तार आणि डिझेल घेऊन ब्रीदर मोकळा करावा आणि आठवडाभर वाट पहावी. कित्येकदा काम इथेच संपते.

दुसरी गोष्ट ऑइलची पातळी. जुन्या जीपेत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस पाठीला पाठ लावून बसवलेले असतात, आणि झीज झाली की एकातले ऑइल दुसऱ्यात सरकते. मग गिअरबॉक्स उपाशी आणि ट्रान्सफर केस गळ्यापर्यंत भरलेली, अशी गत होते. भरलेली बाजू मागच्या सीलमधून ओकू लागते आणि दोष सीलवर येतो. म्हणून दोन्हीचे प्लग उघडून पहावे, एकच पाहून समाधान मानू नये.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडे वेगळे. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत क्लच हाउसिंगच्या तळाला एक छिद्र असते आणि त्यात सैल स्प्लिट पिन अडकवलेली असते. पिन हादऱ्याने हलत राहून छिद्र मोकळे ठेवते. तिथून ऑइल टपकू लागले तर तो ट्रॅक्टरने दिलेला इशारा समजावा. काहीजण तिथे लाकडाची खुंटी ठोकतात, टपकणे थांबले म्हणून खूष होतात आणि इकडे ऑइल चढत चढत क्लचप्लेटपर्यंत पोचते. चिखलणीच्या वेळी पाणी आत जाऊ नये म्हणून कुणी बूच लावले असेल तर काम संपताच काढावे. ट्रॅक्टरचे पुढचे सील बदलायचे म्हणजे ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो. ते घरी करण्याचे काम नव्हे, आणि हंगाम सुरू झाल्यावर तर नव्हेच.

जीपचे मागचे सील मात्र हौशी माणूस मिस्त्रीच्या मदतीने घरी बदलू शकतो. पण एक सूचना जाड अक्षरात वाचावी. वर सांगितल्याप्रमाणे हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर आहे. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक मागच्या चाकांना धरत नाही, आणि गाडी गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही. गाडी मोकळी होते. म्हणून शाफ्टच्या बोल्टला पाना लावण्याआधी चारही चाकांना दोन्ही बाजूंनी मजबूत उटी लावावी. गाडी उचलायची असेल तर लोखंडी घोडीवरच ठेवावी. विटा फुटतात, जॅक उतरतो, आणि खाली माणूस असतो.

गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट असताना सोडावे, म्हणजे गाळासकट उतरते. ते ऑइल पांढऱ्या थाळीत पहावे. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. पितळेची चमक असेल तर सिंक्रोच्या कड्या झिजत आहेत. लोखंडाचे कण बोटाला टोचण्याइतके मोठे असतील तर सील बदलून भागणार नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागेल. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आवाज दाबण्यासाठी गिअरबॉक्सात लाकडाचा भुसा घालून गाडी विकण्याची चलाखी जुनीच आहे. सौदा करण्याआधी प्लग उघडून बोट घालावे.

शाफ्ट आणि फ्लँज यांच्यावर पंचने खुणा करून मगच सोडावे, म्हणजे बसवताना जसेच्या तसे बसतात. फ्लँज हातोड्याने ठोकू नये, पुलरने ओढावा. आता सील काढण्याआधी थांबून फ्लँजच्या गुळगुळीत भागावर, जिथे सीलची रबरी ओठी फिरते, तिथे नख फिरवून पहावे. नखाला खाच लागली तर नवे सील महिन्याभरात गळणार. मिस्त्री सील बदलतो, सभासद पैसे देतो, आणि गळती परत येते, ती बहुधा या खाचेमुळे. उपाय तीन: जागा असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवून ओठी नव्या पृष्ठावर आणणे, खाचेवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवणे, किंवा फ्लँज बदलणे. पहिला उपाय फुकटचा आहे आणि पुष्कळदा पुरतो.

नवे सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. ओठीला ऑइल लावावे, कोरडे सील पहिल्याच फेरीत जळते. बाहेरच्या कडेला सिलिकॉनचा अगदी पातळ हात द्यावा आणि सारख्या व्यासाच्या नळीचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी सरळ बसवावे. एका कडेला ठोकले तर वाकडे जाते. हँडब्रेकचे लायनिंग ऑइलने भिजलेले असेल तर पेट्रोलने धुऊन चालवू नये. ते ऑइल पीत गेलेले असते आणि तापले की पुन्हा सोडते. लायनिंग बदलावे.

झाकणांची पॅकिंग घरी कापता येते. पॅकिंग पेपर झाकणावर धरून कडेने हलकेच हातोडी मारत गेले की आकार उमटतो. पेपर नाही म्हणून सिलिकॉनची अर्धी ट्यूब पिळणे मला मान्य नाही. बाहेर निघालेला रबर आपल्याला दिसतो, पण आत निघालेला तुकडा सुटून ऑइलची वाट बुजवतो. काही जुन्या गिअरबॉक्सांत पुढच्या झाकणाला ऑइल परत जाण्याचे छिद्र असते. पॅकिंगमध्ये तेच छिद्र कापायचे राहिले तर दुरुस्तीनंतर गळती वाढलेली दिसेल. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे. जे बोल्ट आरपार आत जातात त्यांच्या आट्यांनाही सिलंट लागतो.

ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच भरावे. पितळी सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-४ प्रतीचे ९० नंबरचे ऑइल सांगितलेले असते. जीएल-५ची काही ऑइले पितळेला बाधतात, तेव्हा "भारी आहे" म्हणून दुकानदाराने दिलेले घेऊ नये. गाडी सपाटीवर ठेवून भरणीच्या छिद्राच्या काठापर्यंत भरावे, त्याहून जास्त नाही. गळती थांबवणाऱ्या बाटल्या बाजारात मिळतात. त्या रबर फुगवून काही दिवस काढून देतात, एवढाच त्यांचा उपयोग.

काम झाल्यावर पुठ्ठा पुन्हा खाली पसरावा. पहिल्या रात्री दोन-चार थेंब पडले तर घाबरू नये, कोपऱ्यांत राहिलेले जुने ऑइल उतरत असते. चौथ्या दिवशी पुठ्ठा कोरडा हवा. काढलेले ऑइल बांधावर किंवा विहिरीच्या काठाशी ओतू नये, डब्यात साठवून जुने ऑइल नेणाऱ्याला द्यावे. आणि जुने सील फेकण्यापूर्वी त्यावर छापलेले आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी यांचे आकडे बोनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी गाडी फडात उभी असली तरी हिंगोलीच्या दुकानदाराला फोनवर तेवढे आकडे सांगून सील मागवता येते.