फोटोवरची खूण यंत्राला कशी दिसते?

गेल्या गणेशोत्सवात इथे प्लेनोमध्ये एका कार्यक्रमात आमच्या मुलीचा नाचतानाचा छान फोटो निघाला. फोटोग्राफरने पाहण्यासाठी पाठवलेल्या प्रतीवर त्याचं नाव तिरक्या, पुसट पांढऱ्या अक्षरांत थेट तिच्या चेहऱ्यावरून गेलेलं. एक स्नेही म्हणाले, "अरे, ॲपने दोन मिनिटांत जातं ते." जातं, हे खरं आहे. पण ते काढण्याआधी यंत्राला ते दिसावं लागतं, आणि खरी गंमत त्या दिसण्यातच आहे.

मागच्या भारतवारीतली शंभराची नोट पाकिटात उरली असेल तर दिव्यासमोर धरा. कोऱ्या जागेत गांधीजी दिसतील. नोटा छापल्या जातात नाशिक रोडसारख्या ठिकाणी, पण हे जलचिन्ह त्याआधीच, कागद ओला असताना, त्याची जाडी कमीजास्त करून उमटवलेलं असतं. ते काढायचं तर कागदच फाटेल.

डिजिटल फोटोत कागद नाही, नुसते आकडे. एखाद्या बिंदूची उजळता १०० आहे आणि त्यावर २० टक्के दाट अशी शुभ्र (२५५) खूण बसवली, तर ८० अधिक ५१, म्हणजे १३१ उरतात. आता हा १३१ खुणेमुळे आला की मुळात तिथे ढगच होता? एकट्या बिंदूवरून कळणार नाही. शेजारपाजार पाहावा लागतो, आणि न्यूरल नेटवर्क नेमकं तेच शिकतं.

शिकवणं त्यामानाने सोपं. स्वच्छ फोटो घ्यायचे आणि प्रोग्रामकडूनच त्यांवर हजारो खुणा डकवायच्या: लहान-मोठ्या, तिरक्या, फिकट, गडद. कुठे काय डकवलं हे आपल्यालाच माहीत असल्यामुळे उत्तरपत्रिका आयती तयार! अडचण पुढे येते. साडीच्या काठाची नक्षी किंवा मागच्या बॅनरवरची अक्षरं यंत्राला खूण वाटू शकतात. आणि फक्त रोमन अक्षरं दाखवून शिकवलेलं यंत्र 'जोशी फोटो स्टुडिओ'समोर अडखळू शकतं.

कधीकधी तर यंत्र न सांगता खूण शिकून बसतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला एक किस्सा मला फार आवडतो. घोडे ओळखणारी एक प्रणाली उत्तम गुण मिळवत होती. तपासल्यावर कळलं, की शिकवणीतल्या घोड्यांच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या फोटोंवर कोपऱ्यात एकाच स्रोताची अक्षरं होती. ती पुसली की घोडा ओळखू येईना. मोटारीच्या फोटोवर डकवली की मोटारीचा घोडा!

आता काढण्याकडे वळू. गुगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की एकच खूण शेकडो फोटोंवर तशीच असेल तर फोटो बदलत जातात आणि खूण तेवढी कायम राहते. त्यामुळे तिचा आकार आणि दाटपणा हिशेबाने काढता येतो, आणि वरची बेरीज उलटी करून मूळ फोटो बराचसा परत मिळतो. नुसती जागा बदलून भागत नाही. दर फोटोत खूण किंचित वाकवली तर मात्र वजाबाकी चुकते आणि तिचे व्रण उरतात. विक्रीचे फोटो टाकणाऱ्या तुमच्या ओळखीच्या कोणाला हे जरूर सांगा.

स्नेह्यांना मी आणखी एक सांगितलं. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्यानुसार, फोटोचोरी सोपी व्हावी किंवा झाकली जावी म्हणून मालकीची अशी खूण जाणूनबुजून काढली, तर प्रत्येक उल्लंघनामागे २,५०० ते २५,००० डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. फोटोग्राफरने स्वच्छ प्रतीचे मागितले होते वीस डॉलर.

ती प्रत आता हॉलमध्ये लावली आहे. खाली उजव्या कोपऱ्यात त्याचं नाव बारीक अक्षरांत आहेच.