पाकिटातले गोड, घरच्या डब्यात : तयार मिश्रणांचे गणित

कारवारहून कद्रामार्गे जोयड्याकडे जाणारा रस्ता अणशीच्या घाटातून वर चढतो. हा सारा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात मोडतो. १९८७ साली येथे अणशी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला आणि २०१५ पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या या जोयडा तालुक्यात नाचणी, भात आणि नाना प्रकारचे कंद पिकतात. कुणबी समाजाने जपलेली मुडली आणि इतर कंद पाहण्यासाठी जोयड्यातील कंदमुळांच्या मेळ्याला दुरून लोक येतात. पावसाळ्यात दरड कोसळली की हाच घाट बंद पडतो आणि वर येणारा माल खालीच अडकतो.

सणासुदीच्या गोडाला लागणारी गुलाबजामची, कस्टर्डची, खिरीची पाकिटे घाटाखालूनच येतात. त्या पाकिटात नेमके असते तरी काय, आणि त्यातले किती घरी करता येण्याजोगे असते, हा प्रश्न अणशीइतकाच काणकोण, सांगे आणि सत्तरीतील स्वयंपाकघरांनाही लागू आहे. त्याचे उत्तर सरसकट ‘घरचे ते चांगले’ असे देता येत नाही. काही मिश्रणे घरी करण्यात उघड फायदा आहे, काहींत तो थोडका आहे आणि काहींत मुळीच नाही.

पाकीट आले कोठून?

गुलाबजाम हा मुळात खव्याचा पदार्थ. दूध तासन् तास आटवायचे, खवा मळायचा, मग तळायचे. ही खटपट टळली ती दुधाच्या भुकटीमुळे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंद येथे सहकारी संघाचा भुकटीचा कारखाना सुरू झाला. पुढे भुकटी सर्वत्र मिळू लागली आणि मैद्याबरोबर तिचे मिश्रण विकणे शक्य झाले. १९६३ साली पुण्यात स्थापन झालेल्या गिट्स या कंपनीने अशी मिश्रणे घराघरांत नेली. पुण्याच्याच चितळे बंधूंचे गुलाबजाम मिश्रण मराठी घरांत आजही दिवाळीच्या यादीत असते. बेंगळूरूचे १९२४ पासूनचे एमटीआर उपाहारगृह आणीबाणीच्या काळात तयार मिश्रणांकडे वळले.

कस्टर्ड पावडरीची कथा याहून जुनी आहे. १८३७ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने आपल्या पत्नीला अंडे सोसत नाही म्हणून मक्याच्या पिठावर आधारलेली, अंडे नसलेली भुकटी तयार केली. आज शाकाहारी घरांत निःशंकपणे वापरले जाणारे कस्टर्ड हे अशा एका पथ्याचे अपत्य आहे.

लेबल काय सांगते?

भारतात पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. यादीतील पहिला घटक सर्वाधिक, शेवटचा सर्वांत कमी. एवढा एक नियम ध्यानात ठेवला तरी पाकीट पुष्कळ काही सांगू लागते. खिरीच्या वा फिरनीच्या मिश्रणात साखर पहिल्या क्रमांकावर असेल, तर ग्राहक मुख्यतः साखरच विकत घेत आहे. कस्टर्डच्या डब्यावर मक्याचे पीठ पहिले असते, त्यानंतर मीठ, रंग आणि वास. गुलाबजामच्या पाकिटावर सामान्यतः दुधाची भुकटी, मैदा, वनस्पती तूप आणि फुगवणारे घटक आढळतात.

पुढचे आकडेही वाचता येण्याजोगे आहेत. आयएनएस ५०० म्हणजे सोड्याचा वर्ग, ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ५५१ म्हणजे भुकटीच्या गुठळ्या होऊ न देणारा सिलिकॉन डायऑक्साइड. १०२ आणि ११० हे टार्ट्राझिन व सनसेट यलो हे पिवळे-नारिंगी कृत्रिम रंग. ठरावीक मर्यादेत त्यांना परवानगी आहे, परंतु काहींना टार्ट्राझिनची ॲलर्जी असते. गव्हाची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्यांसाठी वेगळी सूचनाही पाकिटावर असते. घरात असा रुग्ण असेल, तर मिश्रण घरी करण्याचे तेवढे एक कारणही पुरेसे ठरावे.

गुलाबजाम : नक्कल जमते, बचत थोडी

घरगुती मिश्रणासाठी १०० ग्रॅम दुधाची भुकटी, ३० ग्रॅम मैदा, १० ग्रॅम बारीक रवा आणि चिमूटभर खाण्याचा सोडा एकत्र करून दोनदा चाळून घ्यावे. मिश्रण तयार झाले. तूप त्यात आताच घालू नये. तूप पिठात मिसळून ठेवले की हवेच्या संपर्काने खवट होते आणि मिश्रणाचे आयुष्य घटते. करावयाच्या वेळी एक मोठा चमचा तूप चोळून लावावे, एक चमचा दही घालावे आणि लागेल तसे कोमट दूध शिंपडत मऊ गोळा करावा.

येथे प्रत्येक घटकाचे काम वेगळे आहे. मैद्यातील ग्लुटेन गोळा बांधून ठेवते, पण मैदा अधिक झाला किंवा गोळा रगडून मळला तर जामून चिवट होतो. म्हणून पीठ मळण्यापेक्षा हलक्या हाताने एकत्र करणे महत्त्वाचे. रवा पाक शोषून घेतो. सोड्याची दह्याच्या आम्लाशी प्रक्रिया होऊन वायू निर्माण होतो व आत जाळी पडते. सोडा जास्त झाला तर तीच जाळी फुटून जामून तेलात विरघळतो. पाकिटात सोडा आणि आम्ल दोन्ही कोरड्या रूपात शेजारी राहू शकतात, कारण आतला थर ओल येऊ देत नाही. घरच्या डब्यात तशी खात्री नसल्याने आम्लाचे काम दह्यावर सोपवणे इष्ट.

तळताना आच मंद हवी. दुधाच्या भुकटीतील शर्करा आणि प्रथिने लवकर तांबूस होतात. तेल कडक तापले असेल तर वरून रंग सुरेख येतो, पण आतला गोळा कच्चा राहतो. पाक साखर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन केवळ चिकट होईपर्यंत उकळावा. तारेचा पाक दाट असल्याने जामुनात शिरत नाही. पाक कोमट व जामून गरम असावेत.

खर्चाच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. दुधाची भुकटी हाच यातील महागडा घटक आणि ती घरी करता येत नाही. पाकिटावर छापलेली एकक विक्री किंमत, म्हणजे दर ग्रॅमचा भाव, आणि घरच्या घटकांची बेरीज यांची तुलना करूनच निर्णय घ्यावा. पाकिटावर सवलत असेल तेव्हा घरचे मिश्रण महागही पडू शकते. फायदा आहे तो वनस्पती तुपाऐवजी आपले तूप वापरण्यात आणि हवे तेवढेच करण्यात.

कस्टर्ड : येथे फरक ठळक

कस्टर्ड पावडर हे मुख्यतः रंग-वास दिलेले मक्याचे पीठ असल्याने ती घरी करणे सर्वांत सोपे. १२० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ४० ग्रॅम दुधाची भुकटी, पाव चमचा मीठ, अगदी चिमूटभर हळद आणि किसलेले जायफळ किंवा वेलचीपूड एकत्र चाळावी. हळद रंगापुरतीच; जास्त झाली तर चव येते. व्हॅनिलाचा अर्क द्रवरूप असल्यामुळे तो मिश्रणात न घालता कस्टर्ड उतरवताना घालावा. गोव्याच्या कुळागरांतील जायफळ हाताशी असता व्हॅनिलाचा आग्रह धरण्याचेही कारण नाही.

अर्धा लिटर दुधास या मिश्रणाचे तीन मोठे चमचे पुरतात. ते आधी थंड दुधात कालवावे लागते. गरम दुधात थेट टाकल्यास पिठाच्या कणांचा बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो व कोरडे पीठ आत अडकते. गुठळी म्हणजे हेच. कण सुमारे ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगू लागतात, पण कच्चा वास जाण्यासाठी एक-दोन मिनिटे उकळी आवश्यक असते. शिजवण्याची गरज नसलेल्या ‘झटपट’ पुडिंगच्या पाकिटात आधीच शिजवून वाळवलेला स्टार्च असतो. त्याची नक्कल घरी होत नाही.

कॉर्नफ्लोअरऐवजी आरारूट अर्थात तवकीर चालेल का, असे अनेकदा विचारले जाते. उपवासासाठी ते सोयीचे आहे आणि कमी उष्णतेवर दाट होते. मात्र गाईच्या-म्हशीच्या दुधात त्याला किंचित बुळबुळीतपणा येतो. नारळाच्या रसात किंवा फळांच्या रसात ते अधिक शोभते.

नाचणी : जे पाकिटाआधीपासून होते

नाचणीचे सत्त्व हे आपल्याकडचे मूळचे ‘तयार मिश्रण’ होय. गोव्यात नाचणी, गूळ आणि नारळाचा रस यांपासून होणारे तिझण उन्हाळ्यात आजही आवडीने खाल्ले जाते. अणशीच्या परिसरातही नाचणी दारचीच. सत्त्वासाठी नाचणी रात्रभर भिजवून वाटावी, फडक्यातून गाळावी, गाळलेले पाणी काही तास स्थिर ठेवावे आणि वरचे पाणी ओतून तळाचा पांढुरका साका ताटात पसरून कडक वाळवावा. मोडून चुरचुरीत पूड झाली की बरणीत भरावी.

दुसरी रीत मोडांची. भिजवलेली नाचणी ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची आणि दळायची. या दोन पिठांना एकच समजण्याची चूक सर्रास होते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळाच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आहे. पण त्यातला मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो. सत्त्व गाळताना साल चोथ्याबरोबर निघून जाते. सत्त्व पचायला हलके आणि दिसायला तलम असते, तरी कॅल्शियमसाठी म्हणून ते देणे फारसे उपयोगाचे नाही. त्यासाठी मोड आणलेल्या अख्ख्या नाचणीचे पीठच हवे.

मोड येताना दाण्यात तयार होणारे अमायलेज हे विकर पिष्टाचे तुकडे करते. त्यामुळे मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते. लहान मुलाचे पोट छोटे. साध्या पिठाची पेज थोड्या पिठातच दाट होते आणि मूल दोन घासांत थांबते. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहत असल्याने त्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक पोषण मावते. उलट ताटात थापून वड्या पाडायच्या असतील तर हे पीठ दगा देते. तेथे सत्त्वच घ्यावे. बाळासाठी मोडाचे, वडीसाठी गाळलेले, असा हा साधा हिशेब आहे.

तिझणासाठी दोन मोठे चमचे सत्त्व एक वाटी पाण्यात कालवून सतत ढवळत शिजवावे. चकाकी आल्यावर किसलेला गूळ, चिमूटभर मीठ आणि शेवटी अर्धी वाटी नारळाचा घट्ट रस घालून एक वाफ येताच उतरवावे. रस घातल्यावर खळखळून उकळल्यास तो फाटतो. गूळ आधीच मिश्रणात घालून ठेवू नये. तो हवेतील ओल ओढतो आणि बरणीतील सारे पीठ दगडासारखे होते.

खरी परीक्षा पावसाळ्यात

कोकणात आणि घाटमाथ्यावर घरगुती मिश्रणाचा शत्रू म्हणजे दमट हवा. दुधाची भुकटी ओल शोषून घेते, गुठळ्या होतात आणि पुढे वास बदलतो. दळलेल्या धान्याला बुरशी लागू शकते व बुरशीच्या काही प्रकारांतून निर्माण होणारी विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत. म्हणून बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर वरचा भाग काढून उरलेले वापरण्याचा मोह टाळावा. सारे टाकून द्यावे.

गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची बेगमी करण्याची चाल आहे. नाचणीचे सत्त्व त्याच कडक उन्हात करून ठेवावे. दुधाच्या भुकटीची मिश्रणे मात्र पुरुमेंतात भरू नयेत; ती दोन-तीन आठवड्यांपुरतीच करावीत. बरणी काचेची, तोंडाशी घट्ट आणि चमचा पूर्ण कोरडा असावा. फ्रिजमधून काढलेली गार बरणी लगेच उघडल्यास दमट हवेचे पाणी आत धरते. तिला आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे. प्रत्येक बरणीवर घटक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. कारखान्याच्या पाकिटापासून घ्यावी अशी ही सर्वांत चांगली सवय.

हीच मिश्रणे कोणी विक्रीसाठी करू लागले, तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे नोंदणी आणि नियमाप्रमाणे लेबल या दोन्ही गोष्टी घरगुती उद्योगालाही लागू होतात. जंगल पाहायला येणारा पर्यटक घाटाखालून आलेले पाकीट घेण्यासाठी अणशीपर्यंत येत नाही. स्थानिक नाचणीच्या स्वच्छ, तारीख घातलेल्या पुडीला तो गिऱ्हाईक होऊ शकतो. तसे झाले तर दाम पिकवणाऱ्याच्या हाती राहील आणि नाचणी पेरण्याला कारण उरेल.

तोवर घरापुरता निर्णय सोपा आहे. कस्टर्ड आणि नाचणीची मिश्रणे घरीच करावीत. गुलाबजामच्या बाबतीत दर ग्रॅमचा भाव पाहून आणि घरातील पथ्ये ध्यानात घेऊन ठरवावे. झटपट पुडिंग मात्र पाकिटातलेच. ते हवे असेल तेव्हा घटकांच्या यादीतील पहिली तीन नावे वाचून विकत घ्यावे.