विशारद झालं, मग विद्यापीठात कशाला?

बारावीनंतर गाणं, नाच किंवा नाटकात पदवी घ्यायची म्हटलं, की नाशिकच्या घरांत हा प्रश्न येतोच. क्लास आहे, गांधर्वच्या परीक्षा आहेत. आणखी काय हवं?

फरक वेळेचा आहे. क्लास आठवड्यातून काही तासांचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रियाज आणि तालीम हाच रोजचा अभ्यास. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने गुरुकुल पद्धत पदवीच्या चौकटीत बसवली. नाटककार सतीश आळेकर तिथे अनेक वर्षं प्रमुख होते. प्रवेशासाठी नुसते गुण पुरत नाहीत, कला करून दाखवावी लागते.

गुरूच्या घरातलं संगीत सर्वांना खुलं करायला पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे ते नाशिकलाच राहिले. म्हणजे वर्गात बसून गाणं शिकणं आपल्याला नवं नाही!

नोकरीचं काय? स्वतःचा क्लास काढायला विशारद पुरतं. महाविद्यालयात शिकवायचं तर सहसा एमए आणि नेट किंवा सेट लागते. हमी मात्र पदवीही देत नाही, आणि पुण्यातल्या राहण्याखाण्याचा खर्च वेगळाच. तेव्हा अर्ज भरण्याआधी मुलीसोबत तिथल्या विद्यार्थ्यांचा एखादा प्रयोग बघून या.