ठेका धरणारा आणि ठेका फुलविणारा

शाळेच्या स्नेहसंमेलनात वाद्यवृंद रंगमंचावर आला की श्रोत्यांचे लक्ष प्रथम गायकाकडे, मग पेटीवाल्याकडे आणि सर्वांत शेवटी तालवाद्य वाजविणाऱ्याकडे जाते. त्याने एखादी झपाट्याची तिहाई घेतली, तर टाळ्यांचा कडकडाट होतो; परंतु सबंध गाणे ज्याने निमूटपणे पेलून धरले, त्याचे नाव कार्यक्रम संपल्यावर कोणी विचारीत नाही. या दोन वादनरीतींपैकी श्रेष्ठ कोणती? पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात हा वाद कित्येक वर्षे चालत आलेला आहे. तो समजून घेण्यासारखा आहे. कारण त्यात केवळ अभिरुचीचा नव्हे, तर न्यायाचाही प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. पायाने वाजविण्याचा मोठा बेस ड्रम, खालच्या बाजूस तारा ताणल्यामुळे तडतडणारा स्नेअर, पायाने उघडमीट करता येणारी झांजांची जोडी म्हणजे हाय-हॅट, आणि भोवती टॉम नावाचे लहानमोठे ढोल व उभ्या दांड्यांवर बसविलेल्या झांजा, असा हा संच असतो. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर बेस ड्रम, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर, आणि दर मात्रेला दोन याप्रमाणे हाय-हॅटवर आठ हलके आघात, हा झाला सरळ ठेका. असा ठेका अंगात भिनून पाय आपोआप हलू लागले, की त्यास 'ग्रूव्ह' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ खाच किंवा चाकोरी. आपण 'चाकोरीबद्ध' हा शब्द निंदेने वापरतो. संगीतात मात्र चाकोरी सापडणे ही सिद्धी समजली जाते.

याच्या अगदी उलट टोकाला इंग्लंडच्या 'द हू' या वृंदातील कीथ मून यांचे वादन होते. 1964 मध्ये ते त्या वृंदात आले. हाय-हॅटवर संथपणे मात्रा मोजीत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गायकाच्या ओळीखालीही त्यांचे हात टॉमवरून आणि झांजांवरून अखंड धावत असत. हा नुसता गोंगाट होता काय? नव्हे. त्या वृंदात गिटारवादक एकच होते, पीट टाउनशेंड; आणि लय घट्ट धरून ठेवण्याचे काम पुष्कळदा त्यांची गिटारच करी. जमीन दुसऱ्याने धरली होती, म्हणून मून यांना आकाश मोकळे होते. 1978 मध्ये वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या जागी आलेले केनी जोन्स अधिक शिस्तशीर वाजवीत. तरीही पूर्वीचा उसळता रंग गेला, असे अनेक रसिकांना वाटले. तेव्हा 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण सरसकट येथे लावणे योग्य होणार नाही.

त्याच देशात 'बीटल्स'चे रिंगो स्टार यांनी दुसरा मार्ग धरला. 1962 मध्ये ते त्या वृंदात दाखल झाले. स्वतंत्र वादनाची त्यांना आवड नव्हती. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचे स्वतंत्र ड्रमवादन असे एकच, 1969 च्या 'द एंड' या गीतात, आणि तेही थोडक्यात आटोपलेले! गाण्याला जेवढे हवे तेवढेच द्यावे, ही त्यांची वृत्ती. मूळचे डावखुरे असून ते उजव्या हाताच्या वादकासाठी मांडलेल्या संचावर वाजवीत. त्यामुळे मधल्या जागा भरताना त्यांचा हात निराळ्याच वळणाने जाई. साधेपणातही व्यक्तिमत्त्व कसे उमटते, याचा हा उत्तम नमुना होय.

परंतु साधे म्हणजे सोपे नव्हे. अमेरिकेत जेम्स ब्राऊन यांच्या वृंदातील क्लाइड स्टबलफील्ड यांनी 1969 मध्ये 'फंकी ड्रमर' हे गीत वाजविले. त्यात मध्येच बाकीची वाद्ये थांबतात. तत्पूर्वी ब्राऊन आपल्या वादकाला स्वतंत्र वादन न करता जे चालू आहे तेच चालू ठेवण्यास सांगतात. आणि मग ऐकू येतो तो नुसता ठेका! लक्षपूर्वक ऐकल्यास त्यात स्नेअरवरचे किती तरी अस्फुट आघात दडलेले आढळतात. म्हणजे आघातांची संख्या थोडी नाही. पण एकही आघात 'माझ्याकडे पाहा' असे म्हणत नाही. भेद आघातांच्या संख्येत नसून त्यांच्या हेतूत आहे, तो असा.

पुढे यंत्राच्या साहाय्याने तोच काही सेकंदांचा ठेका उचलून शेकडो नव्या गीतांखाली योजण्यात आला. गीताचे कर्तृत्व ब्राऊन यांच्या नावे होते. ठेक्याला निर्मिती मानण्याची प्रथाच नव्हती. त्यामुळे या वापराचा मोबदला स्टबलफील्ड यांना जवळजवळ मिळाला नाही. 2017 मध्ये ते वारले. ज्याच्या ठेक्यावर एवढे जग नाचले, त्याच्या श्रमाची नोंद हिशेबाच्या वहीत नव्हती!

आपल्या संगीताने मात्र या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर फार पूर्वीच शोधून ठेविले आहे. विलंबित ख्यालात तबलजी बारा मात्रांचा एकताल शांतपणे धरतो आणि गायक विहरतो. तबल्याचे स्वतंत्र वादन असले की भूमिका पालटतात: पेटी किंवा सारंगी एकच लहरा पुन्हापुन्हा वाजवीत राहते आणि तबलजी कायदे, रेले उलगडतो. आमच्या गोव्यात चतुर्थीच्या आरतीला घुमटांचा गजर चढत जातो, तेव्हा कासाळ्याचा ठोका सर्वांना बांधून ठेवतो. खाप्रूमामा पर्वतकरांसारखे लयब्रह्मभास्कर हात, पाय व मुख यांनी एकाच वेळी निरनिराळे ताल दाखवीत, तेही अंतर्यामी एक लय अढळ होती म्हणूनच.

तात्पर्य, दोन्ही रीती खऱ्या आहेत. मात्र कोणी तरी जमीन धरल्यावाचून दुसऱ्याला उडता येत नाही. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी एखादे आवडते गीत ऐकताना शब्द आणि चाल क्षणभर बाजूस ठेवा व केवळ ठेक्याचा माग घ्या. आणि संमेलनात टाळ्या वाजविताना, शेवटच्या रांगेत बसून ज्याने आपली लय ढळू दिली नाही, त्याचेही नाव विचारून घ्या.