चित्रफितीचा वेग आणि घरची काटकसर

मालवण, वेंगुर्लें, कुडाळ या बाजूच्या पुष्कळ घरांत माळ्यावरील पेटाऱ्यांतून जुन्या व्हिडिओ कॅसेटी अद्याप आढळतात. एखादीवर मुंज, एखादीवर लग्न, तर एखादीवर जत्रेंतील दशावतारी नाटक उतरलेलें असतें. भारतांत रंगीत दूरदर्शन १९८२ सालीं आलें, आणि पुढील कांहीं वर्षांत व्ही.सी.आर. हें यंत्रही घरोघर दिसूं लागलें. आज तें यंत्र बनत नाहीं. जपानांतील फुनाई कंपनीनेंही २०१६ सालीं तें काम बंद केलें. तेव्हां या फितींवरील ठेवा वांचवावयाचा असेल, तर कोणती फीत कोणत्या वेगानें भरली आहे, हें आधीं जाणून घेतलें पाहिजे.

पुष्कळ यंत्रांवर दोन वेगांची सोय असे. एस.पी. हा प्रमाण वेग व एल.पी. हा मंद वेग. आपल्याकडील पद्धतींत प्रमाण वेगानें फीत सेकंदास सुमारें २३.४ मिलिमीटर सरकते, मंद वेगानें त्याच्या निम्मी. ई-१८० या कॅसेटींत सुमारें २५८ मीटर फीत असते. ती प्रमाण वेगानें तीन तास पुरते, मंद वेगानें सहा तास. दशावतार तर रात्रभर चालावयाचा! संकासुराच्या प्रवेशापासून पहांटेच्या दहिकाल्यापर्यंतचा खेळ तीन तासांत कसा मावणार? म्हणून काटकसरी गृहस्थ मंद वेगाकडे वळले, हें स्वाभाविकच होतें.

आतां या काटकसरीची किंमत पाहूं. यंत्राच्या पोटांत ६२ मिलिमीटर व्यासाचें एक नळकांडें सेकंदास २५ वेळां फिरतें, आणि त्यावरील दोन चुंबकीय टोंकें फितीवर तिरक्या रेघा ओढतात. सेकंदास ५० रेघा, आणि प्रत्येक रेघेंत अर्धें चित्र, असा हिशेब आहे. फीत मंद चालली तरी नळकांडें मंदावत नाहीं; म्हणून तितक्याच रेघा निम्म्या जागेंत दाटीनें बसवाव्या लागतात. प्रमाण वेगांत रेघेची रुंदी सुमारें ४९ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढी असते; मंद वेगांत ती निम्मी होते. अरुंद रेघेंतून मिळणारा संकेत दुबळा, म्हणून चित्रांत मुंग्या वाढतात आणि शेजारच्या रेघेचा अंश मिसळून रंग डळमळतात. बुरशीचा जो ठिपका रुंद रेघ अर्धी झांकतो, तोच अरुंद रेघ सबंध झांकून टाकतो. शिवाय परक्या यंत्राचें टोंक इतक्या अरुंद रेघेवर नेमकें बसणें कठीण. म्हणून मंद वेगाची फीत आपल्या यंत्रावर स्वच्छ दिसते, पण शेजाऱ्याच्या यंत्रावर तिच्यांत पट्टे उमटतात.

ध्वनीची हानि याहूनही मोठी. साध्या यंत्रांत आवाज फितीच्या कडेनें, स्थिर टोंकानें उमटतो. त्याची सारी भिस्त फितीच्या वेगावर. गाण्याच्या कॅसेटींतील फीत सेकंदास ४७.६ मिलिमीटर धांवते. व्हिडिओचा प्रमाण वेग त्याच्या सुमारें निम्मा, आणि मंद वेग केवळ चौथा हिस्सा. त्यामुळें झांजेचा खणखणाट बोथट होतो, आणि स, श यांसारखे वर्ण पुसट ऐकूं येतात. दशावतारास ही उणीव फार जाणवते; कारण त्याचे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलें, कीं नट ते आयत्या वेळीं रचून बोलतात. त्या रात्रीं राजा कोणत्या शब्दांत गर्जला, याची नोंद त्या फितीवांचून अन्यत्र कोठेंही नाहीं.

मग मंद वेग निवडणारे चुकले काय? आमच्या मतें नाहीं. अर्धें नाटक स्वच्छ मिळण्यापेक्षां सबंध नाटक किंचित् अंधुक मिळालेलें बरें. परंतु तासाभराच्या मुंजीस किंवा आजोबांच्या चार शब्दांस ही काटकसर कामाची नव्हती. तेथें फीत वांचली आणि आवाज गेला.

अमेरिकेंतील आप्तांनीं पाठविलेल्या फितींची तऱ्हा निराळी. तेथील टी-१२० कॅसेट प्रमाण वेगानें दोन तास, आणि सर्वांत मंद ई.पी. वेगानें सहा तास चाले. रेघ मात्र अवघी १९ मायक्रोमीटर. तीसाठीं एन.टी.एस.सी. पद्धतीचें यंत्र लागतें.

आतां कर्तव्य काय तें सांगतों. कोंकणच्या दमट हवेंत फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी फीत साफ केल्यावांचून यंत्रांत घालूं नये, नाहीं तर यंत्र व पुढील फिती दोन्ही बिघडतात. संगणकावर उतरवितांना मंद वेगाच्या फिती प्रथम घ्याव्या, आणि जुनें यंत्र चालत असल्यास त्याच यंत्रावर लावाव्या. वेग यंत्र आपोआप ओळखतें; परंतु येथें स्थालीपुलाकन्याय लावूं नये. एकाच फितीवर कांहीं भाग प्रमाण, कांहीं मंद असूं शकतो; म्हणून ती आरंभापासून शेवटपर्यंत पाहावी. एकाच प्रसंगाच्या दोन प्रती असल्यास मूळ प्रत घ्यावी. मंद वेगानें काढलेली नक्कल दुहेरी फिकी असते.

शेवटीं एकच विनंति. संगणकावर उतरवितांनाही जागा वांचविण्यासाठीं चित्र अतिशय दाबून भरण्याचा मोह होतो. एकदां फितीवर केलेली काटकसर तेथें पुनः करूं नये. फीत त्या काळीं महाग होती; आज साठवणीची जागा तितकी महाग राहिलेली नाहीं, आणि त्या फितीवरील कित्येक माणसांचा आवाज आतां दुसरीकडे कोठेंच ऐकावयास मिळणार नाहीं.