मोटारीच्या पत्र्यावरील जुना रंग व गंज काढण्याच्या पद्धतींची निवड : शिरूर व दौंड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, पर्जन्यछायेत मोडणारे तालुके होत. घोड व भीमा या नद्यांच्या पाण्यावर येथे ऊस वाढला, पाटस व न्हावरे येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि बागायतदारांच्या दारात जीप व फियाट या गाड्या आल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि ग्रामीण भागात गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती अद्याप आढळते. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केल्यानंतर अशा गाड्यांच्या जीर्णोद्धाराला नवे प्रयोजन प्राप्त झाले आहे. या तरतुदीनुसार चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसणे अपेक्षित आहे. पत्रा खराब करून टाकणारी पद्धत म्हणूनच केवळ खर्चाच्या दृष्टीने महाग ठरते असे नाही.

रंग आणि गंज : दोन भिन्न प्रश्न

गॅरेजमध्ये ‘गाडी पत्र्यावर आणणे’ हा एकच शब्दप्रयोग रूढ आहे. वस्तुतः त्यात दोन वेगळ्या क्रिया अंतर्भूत आहेत. रंग हा सेंद्रिय थर असून तो पत्र्याला चिकटलेला असतो. गंज हा खुद्द लोखंडाचाच रूपांतरित भाग असून तो पत्र्यात मुरलेला असतो. रंग सोडविणारे रसायन गंजाला स्पर्शही करीत नाही. उलट गंज विरघळविणाऱ्या आम्लापुढे जुना रंग बऱ्याच अंशी टिकून राहतो. पद्धतीची निवड चुकते ती बहुधा याच ठिकाणी.

आणखी एक बाब आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा मोटार कारखाना आहे. आधुनिक मोटारनिर्मितीत पत्र्यावर सामान्यतः जस्ताचा थर, त्यावर फॉस्फेट आणि त्यावर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने बसविलेला प्राइमर असे संरक्षण दिले जाते. हे थर गॅरेजमध्ये पुन्हा निर्माण करता येत नाहीत. सबब अलीकडच्या गाडीचा सर्व रंग काढून ती पत्र्यावर आणणे हे नुकसानीचे होय. गंजलेला भाग तेवढाच उघडा करावा. संपूर्ण रंग काढण्याचा विचार जुन्या, अनेक वेळा रंगविलेल्या व पुट्टीने भरलेल्या गाडीपुरताच योग्य ठरतो.

यांत्रिक पद्धती

पॉलिश पेपर, वायर ब्रश व ग्राइंडर ही साधने सर्वत्र उपलब्ध आहेत आणि लहान कामास ती पुरेशी असतात. परंतु ग्राइंडरची दगडी चकती गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. फिरता वायर ब्रश गंजाचे खड्डे साफ न करता त्यांवर झिलई आणतो. चकाकी आलेला पत्रा स्वच्छ असेलच असे नाही. शिवाय जुन्या रंगांत व प्राइमरांत शिशाची संयुगे वापरली जात असत. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी मर्यादा आली. मोटारीचे रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे जुना रंग कोरडा घासणे टाळून वॉटर पेपरने ओला घासणे श्रेयस्कर. ब्लो लॅम्पने रंग जाळण्याची रीत तर सर्वथा त्याज्य आहे, कारण तिने पत्रा वाकतो व शिशाची वाफ कारागिराच्या श्वासात जाते.

सँडब्लास्टिंग हा रंग व गंज दोन्ही एकदम काढणारा मार्ग म्हणून लोकप्रिय आहे. खड्ड्यांतील गंज पूर्णपणे निघतो तो याच पद्धतीने. चासी, सस्पेन्शनचे भाग, चाकांच्या डिस्क यांसाठी ती उत्तम होय. मात्र बोनेट, टप व दरवाजे यांचा पत्रा साधारणतः एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्यावर जोराने कण मारले असता पृष्ठभाग ताणला जाऊन पत्रा फुगतो. हा दोष उष्णतेमुळे उद्भवतो असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे मुख्य कारण कणांचा आघात हेच असते. दाब कमी ठेवून, तिरक्या कोनातून, बारीक गार्नेटने काम केल्यास धोका घटतो. नदीची वाळू वापरणे स्वस्त पडते, पण तीतील सिलिकाच्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो. ब्रिटनने अशा कामात वाळूचा वापर १९४९ सालीच बंद केला. भारतात कायद्यानुसार सिलिकोसिस हा अधिसूचित रोग आहे. रस्त्याकडेच्या शेडमध्ये तोंडाला फडके बांधून काम करणारा मुलगा त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहतो. खाण्याच्या सोड्याचा मारा पातळ पत्र्यास सुरक्षित असतो, परंतु तो केवळ रंग काढतो, गंज नव्हे. त्याचे अवशेष नीट धुतले नाहीत तर नवा रंग धरत नाही.

ब्लास्टिंग वा ग्राइंडिंगपूर्वी चासी क्रमांक कोरलेली जागा झाकून घेणे अत्यावश्यक आहे. तो क्रमांक पुसट झाल्यास परिवहन कार्यालयात गाडीची ओळख पटविणेच कठीण होते.

रासायनिक पद्धती

बाजारात मिळणाऱ्या तीव्र पेंट रिमूव्हरमध्ये अनेकदा मिथिलीन क्लोराइड असते. याची वाफ हवेपेक्षा जड असून ती बंद खोलीत वा सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचते, तसेच शरीरात तिचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. अमेरिकेत सामान्य ग्राहकांस अशा रिमूव्हरची विक्री २०१९ साली बंद करण्यात आली. तापविलेल्या कॉस्टिक सोड्याच्या हौदात भाग बुडविल्यास रंग झपाट्याने सुटतो. परंतु ॲल्युमिनियम व जस्ताचे भाग त्यात विरघळू लागतात. सिलसारख्या पोकळ भागांत उरलेला सोडा महिन्यांनंतर सांध्यांतून पाझरून नवा रंग उचलतो.

गंजासाठी संडास साफ करण्याचे आम्ल वापरण्याची सवय विशेष घातक होय. हायड्रोक्लोरिक आम्लाने पत्रा क्षणात पांढरा होतो, पण सांध्यांत शिरलेले क्लोराइड नव्या गंजास निमंत्रण देते. फॉस्फरिक आम्ल मंद असले तरी उरलेल्या गंजाचे फॉस्फेटमध्ये रूपांतर करते, म्हणून ते अधिक ग्राह्य. बिजागऱ्या, ब्रॅकेट अशा सुट्या भागांस विद्युत अपघटन उपयुक्त ठरते. एक लिटर पाण्यास चार-पाच ग्रॅम धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर आणि टाकाऊ लोखंडाचा धन ध्रुव एवढ्यावर ते साधते. सोड्याऐवजी मीठ किंवा धन ध्रुवासाठी स्टेनलेस स्टील वापरू नये. पहिल्याने क्लोरीन तर दुसऱ्याने विषारी क्रोमियम निर्माण होते. हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम उघड्यावरच करावे.

या परिसरास सर्वांत जवळची पद्धत मात्र मळीची आहे. एक भाग मळी व सुमारे नऊ भाग पाणी या मिश्रणात गंजलेला भाग एक ते तीन आठवडे ठेवला असता मळीतील सेंद्रिय घटक लोहाच्या ऑक्साइडला बांधून घेतात व चांगले लोखंड जवळजवळ अबाधित राहते. ती संथ आहे, दुर्गंधी फार येते आणि ॲल्युमिनियमला ती चालत नाही. मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असल्याने ती पिंपाने आणता येत नाही, हाही व्यावहारिक अडसर आहे.

पाणी, ऋतू आणि सांडपाणी

उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होतो. या दृष्टीने मार्च ते मे हा कोरडा काळ येथे अनुकूल आहे. परंतु रासायनिक पद्धतींना धुण्यासाठी मुबलक पाणी लागते आणि नेमके त्याच महिन्यांत अनेक गावांची भिस्त टँकरवर असते. म्हणून उन्हाळ्यात सांगाडा सौम्य ब्लास्टिंगने करावा व सुट्या भागांसाठी एकच हौद पुनःपुन्हा वापरावा, ही विभागणी या भागास अधिक सोयीची वाटते. रंगाचा गाळ हा नियमानुसार घातक कचरा ठरतो. अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प रांजणगाव येथेच आहे, तथापि त्याचा रोख मोठ्या कारखान्यांकडे आहे. निदान गाळ सुकवून बंद डब्यात ठेवणे आणि हौदाचे पाणी ओढ्यात न सोडणे गॅरेजच्या हाती आहे, कारण शिरूरचा ओढा घोडेत आणि घोड पुढे भीमेत जाते.

पत्रा स्वच्छ झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर मारावा आणि पुट्टी त्यावर भरावी. उघड्या पत्र्यावर थेट भरलेली पुट्टी ओलावा शोषून आतूनच गंज धरविते. फॉस्फरिक आम्ल वापरले असल्यास ते आधी पूर्ण धुवून पत्रा वाळवावा; आम्लाचा अंश राहिल्यास इपॉक्सी नीट घट्ट होत नाही व वर्षभरात थर पापुद्र्यासारखा सुटतो.