पोटात गोळा येणाऱ्या मुलासाठी भेट

तिसरीतल्या मुलीचं पोट सोमवार ते शुक्रवार सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही. डॉक्टर तपासतात, सोनोग्राफीही होते, काही निघत नाही. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो शाळा चुकवायची नाटकं, दुसरा म्हणतो जंत झाले असतील. प्रत्यक्षात पोट खरोखर दुखत असतं आणि पोटात आजारही नसतो. अशा मुलीचा वाढदिवस जवळ आला की मावशी-आत्या हळूच विचारतात, हिला जरा शांत वाटेल असं काय देऊ? ऑनलाइन दुकानांत या नावाखाली ढीगभर माल मिळतो. रंग बदलणारे दिवे, सुगंधी फवारे, चमकीच्या बाटल्या, वजनदार ब्लँकेटं, दाबायचे चेंडू. त्यातलं निवडायचं तर माझ्या मते एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू मुलाच्या शरीरात नेमकं काय करते? उत्तर देता आलं तर घ्यावी.

त्यासाठी आधी शरीरात काय चाललंय ते पाहू. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची चाहूल लागली की विचार करणाऱ्या मेंदूचा निर्णय होईपर्यंत तो थांबत नाही, लगेच इशारा देतो. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, श्वास भरभर आणि वरच्यावर होतो, खांदे-मुठी आवळल्या जातात. रक्त पचनाच्या कामावरून स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात गोळा येतो, मळमळतं, डबा खाववत नाही. पळायचं किंवा लढायचं असेल तर ही तयारी अगदी योग्य. पण समोर असते पाढ्यांची तोंडी परीक्षा, आणि मुलाला तर बाकावर गप्प बसायचं असतं. अशा वेळी ‘घाबरू नकोस’ म्हणून उपयोग होत नाही, कारण हृदयाला आणि पोटाला हुकूम देता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवलं तर आपल्या मर्जीनेही चालतो. स्नायूंचंही तसंच. शांत करणाऱ्या बहुतेक चांगल्या वस्तू या दोन वाटांनीच आत शिरतात.

म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर साबणाच्या फुग्यांचा. जत्रेत, बागेबाहेर मिळते ती साधी बाटली. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. उच्छ्वास जितका लांब आणि सावकाश, तितका तिला वाव जास्त. आता हे सात वर्षांच्या मुलाला समजावून सांगून ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं, तर तो खांदे उचलून भसकन हवा आत ओढतो आणि तशीच भसकन सोडतो. त्याने उलट गरगरायला लागतं. फुगा ही चूक होऊ देत नाही. जोरात फुंकलं की कडीवरचा पडदा फाटतो, फुगा होतच नाही. हळू फुंकलं की पडदा आधी थोडा फुगीर होतो, थरथरतो, त्यावर जांभळ्या-हिरव्या छटा सरकू लागतात, आणि फुंकर तशीच धरून ठेवली तरच गोळा पुरा होऊन कडीपासून सुटतो. मोठा फुगा हवा असेल तर छातीतली हवा शेवटपर्यंत पुरवून वापरावी लागते. म्हणजे जे समुपदेशक तोंडाने शिकवतात, ते मुलाला फुगा स्वतःच शिकवतो, आणि चुकलं की रागावत नाही.

घरी करायचं तर पाण्यात भांडी घासायचं लिक्विड आणि थोडं ग्लिसरीन घालावं. ग्लिसरीनमुळे पडदा लवकर सुकत नाही. तारेची कडी मोठी केली की फुंकर आणखी संथ लागते. कागदाचं भिरभिरं आणि बासरी हीही याच घराण्यातली. मोठ्या मुलांना फुगे बालिश वाटतात, त्यांना बासरी किंवा माउथऑर्गन द्यावा. भ्रामरी प्राणायामातला गुणगुणता उच्छ्वासही याच कारणाने बरा वाटतो, आणि त्याला काहीच विकत आणावं लागत नाही.

दुसरी वाट दाबाची. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या फार्मवर त्यांनी पाहिलं, की लस टोचताना गाईला दोन्ही बाजूंनी फळ्यांत हलकेच दाबून धरलं की ती शांत होते. मग विशीच्या आतच त्यांनी स्वतःसाठी तसं लाकडी यंत्र बनवलं. माणसाच्या मिठीने त्या गोंधळून जात, यंत्राच्या मिठीचा दाब मात्र त्यांच्या हातात होता. आजची वजनदार ब्लँकेटं याच विचारावर विकली जातात. त्यांचा दावा मात्र तपासून घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये ५ ते १६ वर्षांच्या, झोपेचा त्रास असलेल्या ऑटिस्टिक मुलांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनदार ब्लँकेटने मुलांची झोप साध्या ब्लँकेटपेक्षा वाढली नाही. तरीही मुलांना आणि पालकांना तेच जास्त आवडलं. झोप आणेल म्हणून घेऊ नका, आवडतं म्हणून खुशाल घ्या, एवढाच मी त्याचा अर्थ लावते.

आणि आवडण्याचाच प्रश्न असेल, तर आपल्याकडे गोधडी आहे. आजीच्या जुन्या नऊवारीचे थर एकावर एक ठेवून, कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घालत आणलेली गोधडी अंगावर बसते तशी फायबरची रजई बसत नाही. तिला वजन असतं, बोटांनी चाचपत राहावे असे टाके असतात, आणि ओळखीचा वास असतो. ज्या साडीला मूल बिलगत होतं ती साडी त्यात असेल तर मग बघायलाच नको. गावाकडे अजून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. त्यांना जुन्या साड्या द्याव्यात, मुलाला कापड निवडायला बसवावं.

वजनाबाबत मात्र काळजी घ्यायची. विकतचं ब्लँकेट साधारण मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं असावं असा ढोबळ नियम सांगतात, म्हणजे २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. त्याहून महत्त्वाचं, मुलाला ते स्वतःच्या हाताने बाजूला सारता आलं पाहिजे. तान्ह्या बाळांना वजनदार पांघरूण किंवा कपडे कधीच नाहीत. दमा किंवा फिट्स असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

दाबायच्या चेंडूमागचं तंत्र जुनं आहे. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी १९२९ साली स्नायू शिथिल करण्यावर पुस्तक लिहिलं: आधी मूठ घट्ट आवळायची, मग सोडायची, आणि सोडल्यावर काय वाटतं त्याकडे लक्ष द्यायचं. गुण त्या सोडण्यात आहे. नुसतं दाबत बसलं तर हाताला चाळा मिळतो, तेवढंच. बाकाखाली न बघता दाबता येईल असाच घ्यावा. फिरणारा स्पिनर मुलाचीच नव्हे, शेजाऱ्याचीही नजर फळ्यावरून काढतो. फुग्यात पीठ भरून केलेला चेंडू लहानग्यांच्या हाती देऊ नये, फाटलेलं रबर घशात अडकतं. दिवे आणि फवारे बहुतांशी सजावट आहेत, त्यावर शब्द खर्च करत नाही.

काही मुलांची भीती अंगापेक्षा डोक्यात जास्त घोळते, आणि ती नेमकी झोपताना. ‘आई ऑफिसला गेली आणि आलीच नाही तर?’ ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात माया लोक चिंध्यांच्या, बोटाएवढ्या बाहुल्या करतात. मुलाने रात्री बाहुलीला काळजी सांगायची, तिला उशीखाली ठेवायचं आणि झोपायचं. मानसशास्त्रात याच्या जवळचा उपाय थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडला: काळजीला रोजची एक ठरावीक वेळ आणि जागा द्यायची, आणि एरवी ती आली की ‘तेव्हा बघू’ म्हणून पुढे ढकलायची. मुलासाठी भेट करायची तर झाकणाचा एक छान डबा, चिठ्ठ्यांचं पॅड आणि पेन्सिल पुरे. रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं डबा उघडून आई किंवा बाबांबरोबर चिठ्ठ्या वाचायच्या. काही चिठ्ठ्यांवर करण्यासारखं असतं: ‘वही हरवली, बाई रागावतील’ याला उद्या सकाळी बाईंशी बोलणं हे उत्तर आहे. काहींवर करण्यासारखं काही नसतं, त्या फक्त ऐकायच्या. काही चिठ्ठ्या दोन दिवसांनी वाचल्या की मूलच म्हणतं, हे काहीच नव्हतं. झोपायच्या तोंडावर मात्र डबा उघडू नये.

यातली कुठलीही वस्तू पहिल्यांदा घबराटीच्या क्षणी हातात देऊ नये. धडधडत्या छातीने मूल नवं काही शिकत नाही. जेवणानंतर, सुट्टीच्या दुपारी, हसतखेळत सराव होऊ द्यावा. मग शाळेच्या फाटकाशी ती फुंकर आपसूक आठवते, बाटली जवळ नसली तरी. भेट देताना पाहुण्यांसमोर ‘तू फार घाबरतेस ना, म्हणून’ असं तर चुकूनही म्हणू नये. आणि शिक्षा म्हणून ती वस्तू काढूनही घेऊ नये.

सगळ्यात नाजूक भाग पुढे आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये मुलांच्या लाडक्या चादरी-बाहुल्यांवर निबंध वाचला. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधली ती वस्तू असते, असं त्यांचं म्हणणं. आईचा रुमाल खिशात ठेवून मूल वर्गात जात असेल तर रुमाल आपलं काम करतोय. पण गोधडीत शिरून मूल शाळेलाच जात नसेल, तर तीच वस्तू भीतीच्या बाजूने गेली. टाळल्याने त्या दिवशी सुटका होते आणि दुसऱ्या दिवशी भीती थोडी मोठी होते. घरच्यांचंही असंच होतं: मुलाऐवजी आपण बोलतो, तेच आश्वासन वीस वेळा देतो. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी केवळ पालकांच्या या सवयी बदलणारी उपचारपद्धत तयार केली. २०१९ च्या अभ्यासात ती मुलांवर थेट केलेल्या उपचारांइतकीच गुणकारी ठरली. तेव्हा रुमाल द्यावा, वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवावं, आणि मूल रुळलं की तो खिशातून दप्तरात, दप्तरातून घरी असा मागे सरकू द्यावा.

शाळा वरचेवर बुडत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, किंवा मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर भेटवस्तूंचा विषय बाजूला ठेवून बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. भीतीचा हा त्रास बरा होणारा आहे. ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात (२००८) विचार-वर्तन उपचाराने सुमारे ६० टक्के आणि औषधाची जोड दिल्यावर सुमारे ८१ टक्के मुलं बारा आठवड्यांत लक्षणीय सुधारली. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तज्ज्ञांच्या भेटीला जाताना कागदावर लिहून न्यावं: त्रास कधीपासून आहे, कोणत्या वारी, किती वाजता होतो, आणि त्यामुळे मूल काय काय करायचं सोडून देऊ लागलंय.